पीळ बसलेलं दार

धाकटा: ताई, तू लाकूड नाही वाळवत. तू अख्खी गल्ली वाळवतेयस.

ताई: सकाळपासून दोनदा बादली ओतली मी. दोनदा! काठोकाठ भरलेली.

धाकटा: तेच तर म्हणतोय. बावीस फळ्यांत एवढं पाणी असतं होय? बारा दिवसांत तू जेवढं ओतलंस, तेवढ्यात या फळ्या तरंगल्या असत्या.

ताई: मशीन तू बसवलंस. चालत नसेल तर स्वतःचं डोकं खा, माझं नको. मला झोप नाही चार दिवस.

धाकटा: मशीन झकास चालतंय. वीस वर्षं फ्रिज आणि एसी उघडतोय मी, मला मशीन शिकवू नकोस. पंखा आतली हवा फळ्यांमधून फिरवतो, हवा लाकडातली ओल उचलते, मशीन ती ओल गार नळीवर धरतं, थेंब पाईपातून बादलीत. संपलं. पण हवा आतल्या आत फिरली तर! इथे बाहेरची दमट हवा आत शिरतेय आणि मशीन बिचारं तीच पिळत बसलंय.

ताई: कुठून शिरेल? पेटीला दोन प्लायवूडच्या मधे थर्माकोल आहे, आतून प्लास्टिक आहे, सगळ्या सांध्यांना सिलिकॉन भरलंय. हे बघ, नखं अजून चिकट आहेत.

धाकटा: नखं दाखवू नकोस. ती नमुन्याची फळी काढ. रोज वजन करायला सांगितलं होतं ती.

ताई: केलंय रोज. लिहिलंय भिंतीवर.

धाकटा: परवा किती?

ताई: दोन किलो तीनशे दहा.

धाकटा: ठेव काट्यावर. थांब, पंखा बंद करतो, काटा थरथरतोय. हां. आता वाच.

ताई: दोन तीनशे.

धाकटा: दोन दिवसांत दहा ग्रॅम. आणि बादलीत?

ताई: आज सकाळपासूनच बारा लिटर.

धाकटा: मग तूच सांग, ते बारा लिटर कुणाचे? लाकडाचे नाहीत. गल्लीचे आहेत. शेजाऱ्यांच्या दोरीवरच्या चादरीसुद्धा तू वाळवल्या असशील, जाऊन विचार.

ताई: झाली मस्करी?

धाकटा: झाली. ओल मोजायचं मीटर टोचून बघितलंस?

ताई: आज सकाळी. बावीस टक्के.

धाकटा: आणि हवं बाराच्या आत. ये इकडे. दाराच्या या वरच्या कोपऱ्यापाशी हात धर. लागतोय वारा?

ताई: लागतोय थोडा.

धाकटा: थोडा? माझी करंगळी जातेय आत. खालचा कोपरा चौकटीला टेकलाय आणि वरचा बाहेर आलाय. या दाराला पीळ आहे ताई. एवढी पेटी बांधलीस, कुठे सुई जाईल एवढी फट ठेवली नाहीस, आणि तोंडाला हे असलं दार? कुठून आणलंस हे?

ताई: होतं.

धाकटा: होतं म्हणजे? बदल ते.

ताई: दुसरं दार नाही.

धाकटा: अगं, तू सुतार आहेस! हे म्हणजे शिंप्यानं म्हणायचं, सदरा नाही म्हणून उघडा फिरतोय.

ताई: सध्या हेच राहू दे. फटीत स्पंज भरते.

धाकटा: किती भरशील? आणि हा काठाला खड्डा कसला? चांगला बोटभर खोल आहे. पहार घातल्यासारखा… ताई.

ताई: काय.

धाकटा: हे आपल्या शाळेतल्या बाईंच्या बाथरूमचं दार आहे?

ताई: हो.

धाकटा: वेड लागलंय तुला?

ताई: फोडून काढल्यावर त्यांच्या अंगणात भिंतीला टेकवून ठेवलं होतं लोकांनी. मी हातगाडीवर घालून आणलं. कुणी विचारलं नाही, कुठे नेतेस.

धाकटा: आणि इथे लावलंस.

ताई: लावलं. रोज पाच वेळा उघडते, पाच वेळा लावते. खालून अडकतं. उचलून ओढावं लागतं, तेव्हा कळतं. पंचाहत्तर वर्षांच्या बाई, ओले हात, आणि हे दार. दोन्ही हातांनी ओढलं असेल त्यांनी. हात सटकला आणि पडल्या. मग कोपर मोडून तीन तास फरशीवर. ते कळत राहावं मला.

धाकटा: छान. बाईंना काय मिळालं यातून?

ताई: बाईंसाठीच चाललंय सगळं. या फळ्या कुणाच्या दारासाठी आहेत?

धाकटा: ज्या वाळत नाहीयेत! शिक्षा तू घ्यायची आणि लाकूड ओलं राहायचं. पश्चात्तापाला बिजागऱ्या लावून टांगलास तू. महिनाअखेरीला बाई भाचीकडून परत येणार. त्यांना तुझा पश्चात्ताप नकोय. दार हवंय.

ताई: दार नकोय त्यांना.

धाकटा: म्हणजे?

ताई: गेले होते परवा भेटायला. उजवा हात गळ्यात बांधलेला. बोटं मिटत नाहीत अजून, डाव्या हातानं चहा पितात. म्हणाल्या, मला पडदा लावून दे गं. दाराच्या मागे आता जायचं नाही मला.

धाकटा: रागावून म्हणाल्या?

ताई: नाही रे. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. आठवतं तुला, वर्गात सगळ्यांच्या वह्या तपासायच्या आणि माझी नाही? म्हणायच्या, तू म्हणतेस ना झालं, मग झालं. दार नेताना पण तसंच विचारलं. लाकूड वाळलंय ना गं? मी म्हटलं, हो बाई. नंतर दोनदा त्यांचा निरोप आला, दार घासतंय म्हणून. मी गेले, रंधा मारला आणि आले. पीळ रंध्यानं जातो का? मला माहीत नव्हतं?

धाकटा: हे बघ, तू उगाच सगळं डोक्यावर घेऊ नकोस. लाकूड वाळलंय हे कुणी सांगितलं? बाबांनी. फळीला गाल लावला, डोळे मिटले आणि म्हणाले, वाळलंय. हे काय शास्त्र आहे? लहानपणी मला वाटायचं, बाबा फळीचा पापा घेतात. चाळीस वर्षं कुणी बोललं नाही त्यांना. चूक त्यांची आहे, आणि म्हाताऱ्याला सांगायची हिंमत आपल्यात नाही. तू तुझ्या अंगावर घेतेस, मी विनोद करतो.

ताई: चूक त्यांची नाही.

धाकटा: मग कुणाची? झाडाची?

ताई: मीटर माझ्या खिशात होतं.

धाकटा: कधी?

ताई: त्याच दिवशी. नवीन आणलं होतं. बाबा यायच्या आधी मी टोचून बघितलं. चोवीस. मग बाबा आले, बाई आल्या. बाबांनी गाल लावला, म्हणाले, वाळलंय. बाईंसमोर. आणि मी खिशावर हात ठेवून उभी राहिले.

धाकटा: चोवीस दिसले होते तुला?

ताई: स्पष्ट.

धाकटा: आणि गप्प राहिलीस.

ताई: काय बोलणार होते? बाबा, तुमचा गाल खोटं बोलतोय? गिऱ्हाईकासमोर? ज्यानं मला पटाशी धरायला शिकवलं त्या माणसाला?

धाकटा: मग नंतर सांगायचंस. बाई गेल्यावर.

ताई: नंतर, नंतर. बाई गेल्यावर बाबा जेवायला बसले होते. मग झोपले होते. मग मी फळ्या कापायला घेतल्या. एकदा करवत चालली की सगळे प्रश्न संपतात.

धाकटा: बाई पडल्यापासून, दोन महिने, मी बाबांशी धड बोलत नाहीये. तुला दिसतंय आणि तू…

बाबा: आवाज कमी कर, इंजिनियर. पंखा बंद आहे. पेटीपलीकडे सगळं ऐकू येतं.

धाकटा: बाबा. कधीपासून बसलाय तिथे?

बाबा: सकाळपासून. पाचरी तासत होतो. एरवी तुमचा तो पंखा भुंकत असतो, म्हणून बरं असतं.

ताई: बाबा, मी सांगणार होते.

बाबा: मीटर ना? दिसत होतं मला.

ताई: काय दिसत होतं?

बाबा: खिसा. चौकोनी फुगला होता. सदऱ्याच्या खिशात सुतार पेन्सिल ठेवतो, फार तर टेप. मला वाटलं, आता काढेल, मग काढेल. वाट बघत होतो मी.

ताई: मग विचारायचं होतंत!

बाबा: मी विचारू? बाईंसमोर? पोरी, तुझं यंत्र काय म्हणतंय, असं?

धाकटा: पण बाबा, तुम्ही स्वतः वाळलंय म्हणालात. शंका होती तर म्हणालात कशाला?

बाबा: ती नमुन्याची फळी दे इकडे.

(बाबा फळीला आधी उजवा गाल लावतात, मग डावा. डावा बराच वेळ.)

बाबा: उजव्याला गार लागतेय. ओली आहे. गाल लावून कळतं, इंजिनियर, हसू नकोस. ओल असली की लाकूड गार लागतं.

धाकटा: मी हसत नाहीये. आणि डाव्याला?

बाबा: डाव्याला काही नाही.

ताई: काही नाही म्हणजे?

बाबा: काही नाही म्हणजे काही नाही. एका सकाळी उठलो तर गाल झोपलेला. दात काढायला सुई मारतात ना, तसा. म्हटलं, उतरेल. दीड वर्ष झालं.

धाकटा: दीड वर्ष? बाबा, हा पक्षाघाताचा झटका असतो! डॉक्टरकडे का नाही गेलात?

बाबा: डॉक्टर म्हणाला असता, काम बंद करा.

ताई: आणि त्या दिवशी कुठला गाल लावलात?

बाबा: डावा. सवयीचा तोच. कळत नव्हतं, म्हणून वाळलंय म्हणालो. गार लागलं नाही, मग वाळलंच असणार. आतून वाटत होतं की हे गालाचं काम आहे, लाकडाचं नाही. पण बाई बघत होत्या. तू बघत होतीस. बाईंसमोर सुताराला 'माहीत नाही' म्हणता येत नाही.

धाकटा: वा. म्हणजे यांना कळत नव्हतं आणि हिला कळत होतं. दोघांनी एकमेकांचा मान राखला. हात बाईंचा गेला.

ताई: बस कर.

धाकटा: का बस करू? खोटं आहे का?

बाबा: खोटं नाही. बोलू दे त्याला. या घरात तो एकटाच मोठ्यानं बोलतो, आणि त्यालाच आपण बाहेरचा फ्रिजवाला समजतो.

ताई: मग आता काय करायचं?

बाबा: आधी ते दार काढ. बारा दिवस बघतोय. मला वाटायचं, माझ्यासाठी लावलंयस. मला रोज दिसावं म्हणून.

ताई: तुमच्यासाठी? नाही हो बाबा. माझ्यासाठी.

बाबा: दोघांनाही दिसून झालं. काढ.

धाकटा: आणि पेटीला दार नकोच मुळी. झाकण हवं. तसंच थर्माकोल भरलेलं, चारी बाजूंनी स्क्रू, काठाला रबर. फळीचं वजन करायला हातभर खिडकी पुरे. मी करतो तासाभरात. नाहीतर मी इथे फक्त टोमणे मारायला येतो असं म्हणाल.

ताई: येतोसच.

धाकटा: तेही येतो. या दाराचं काय करू? जाळू?

बाबा: जाळतोस कशाला? उभं काप, पट्ट्या कर. हवा खेळावी म्हणून फळ्यांच्या मधे घालायला वाळलेल्याच पट्ट्या लागतात, ओल्या घातल्या तर डाग पडतात. हे आता वाळलंय. आता काय उपयोग, पण वाळलंय.

ताई: झाकण घट्ट बसलं तर किती दिवस लागतील?

धाकटा: तीन आठवडे. घाई केलीस तर वरून वाळेल आणि आत ओल कोंडेल. मग परत वाफ सोडून मऊ करत बसावं लागतं. या घरात तेवढं एक काम आता वाढवू नका.

ताई: महिनाअखेर आधी येतेय.

बाबा: मग तोवर पडदा लाव. दार झालं की त्यांना विचारू. नको म्हणाल्या तर नको.

ताई: मी आत्ताच जाते बाईंकडे, भाचीच्या घरी.

धाकटा: आत्ता? काय सांगणार जाऊन?

ताई: आकडा. चोवीस होता म्हणून. मला दिसला होता म्हणून.

बाबा: मीही येतो.

धाकटा: बाबा, तुम्ही आधी डॉक्टरकडे चला.

बाबा: दीड वर्ष गेलं. दोन तासांनी काय होतंय? बाईंकडून तसेच जाऊ. मी नाही आलो तर गालाचं कुणी सांगायचं? ही सांगेल तर पुन्हा माझी बाजू घेईल.

ताई: नाही घेणार.

बाबा: घेशील. सवय आहे तुला.

धाकटा: बादली भरलीय पुन्हा.

ताई: ओत तू. आणि पंखा चालू करू नकोस आम्ही जाईपर्यंत. बाबा, चपला इथे आहेत. चला, मी पुढे होते.

बाबा: हळू चाल. डावा पायही गालासारखाच आहे.