वाढवलेला एक दिवस

नाही सर, कोडच्या त्या भागात काही नाही, ते मी सकाळीच बघितलं — आणि प्लीज, असे मागे उभे राहू नका, ती खुर्ची ओढा, बसा. हां. तर हॉस्पिटलचं म्हणणं काय? डायलिसिसला कालचे पेशंट आज येतायत. आणि तुम्ही त्यांना काय सांगितलंत? पेशंट तारखा विसरतात! सगळेच्या सगळे, सर? एकदमच? आणि बरोब्बर एकच दिवस? काहीतरीच काय!

हे बघा. आपली जुनी लायब्ररी, तारखा सांभाळणारा तो तयार कोड — तिला नुसती तारीख कळायचीच नाही. तारीख दिली की ही बया तिला मध्यरात्रीची वेळ चिकटवायची, तीही भलत्याच देशाच्या घड्याळाची, मग आपल्या घड्याळात आणताना काटे मागे जायचे आणि तारीख आदल्या दिवशी जाऊन बसायची. म्हणून कुणीतरी काय केलं? पेशंटना पाळीचा मेसेज पाठवायच्या आधी तारखेत गुपचूप एक दिवस मिळवला. कुणी, ते मी विचारत नाही — कोडच्या नोंदीत त्या ओळीपुढे तुमचं नाव आहे, पण ते जाऊ द्या. तेव्हा चाललं ते. पण परवा आपण नवी लायब्ररी बसवली. हिच्यात नुसत्या तारखेचा टाइप वेगळा, वेळेचा वेगळा, तारीख आता जागची हलत नाही — आणि तुमचा तो एक दिवस? तो अजून मिळवला जातोच आहे! कोडमधल्या चुका पकडणारा कंपायलर का नाही ओरडला? कशाला ओरडेल? तारखेत एक दिवस मिळवला तरी ती तारीखच ना? टाइप जुळला, त्याच्या लेखी सगळं आलबेल.

ती ओळ काढली मी. चालवून बघितलं, बरोबर येतंय. — नाही सर, 'झालं तर मग' कसं? गेलेले मेसेज गेलेत ना! आज ज्यांची पाळी आहे ते घरी निवांत बसलेत, उद्या जायचंय म्हणून. हॉस्पिटलला आत्ताच्या आत्ता सांगायला हवं, एकेकाला फोन करून बोलवायला हवं. गुपचूप कसं मिटवायचं? जीव जाईल कुणाचा तरी!

आवाज नाही चढवत मी. नाही, रडत पण नाहीये. … आई आहे माझी त्यांच्यात. हो, तिथेच. काल सकाळी चपला घालून दारात उभी — म्हणे, आज माझी पाळी, नर्सनं सांगितलंय. आणि मी काय केलं? फोन धरला तिच्या नाकासमोर. म्हटलं, बघ, उद्याची तारीख आहे, आमच्याच कंपनीचा मेसेज आहे हा, तूच हल्ली विसरायला लागलीस. तिनं चपला काढल्या हो आणि आत जाऊन बसली. आज दादा घेऊन गेलाय — पाय सुजलेत, धाप लागलीये, झोपता येत नाही — आणि तिथे मशीन रिकामं नाही. बाहेर बाकावर बसवून ठेवलंय तिला. तिथूनही म्हणे बोलणीच खाल्ली, आजी तारीख लक्षात ठेवत चला म्हणून.

नको, पाणी नको मला. हा घ्या फोन. हॉस्पिटलचा नंबर लावलाय, वाजतोय. नाही, तुम्हीच बोला, तुम्हीच सांगितलं होतंत ना त्यांना? चूक आमची म्हणा. आईचं नाव नका घेऊ, सगळ्यांचं सांगा. कुणी विसरलं नव्हतं, असं म्हणा सर. एकही जण विसरला नव्हता — उचलला त्यांनी. बोला.