दार उघडं ठेवून

नेवाशाच्या स्टँडवर नगरच्या गाडीची वाट बघत होतो. मागच्या बाकावर दोघी बसल्या होत्या. त्यातल्या बनुबाईचा आवाज अख्ख्या स्टँडला पुरत होता.

“बनुबाई, टीव्हीवर तुमच्या रुपालीची कबड्डी दिसली का?”

“दिसली म्हंजे! भर दुपारी सगळ्या गल्लीनं बघितली!”

“भावजींच्या नव्या ओएलईडी टीव्हीवर?”

“छ्या! माझ्या टीव्हीवर. भावजी दुकानातल्या अंधारात भुलले. त्या टीव्हीतलं काळं म्हंजे अगदी आवसंची रात. मी दुकानदाराला म्हनलं, आमच्या ओसरीत दिवसभर ऊन असतं, टीव्ही दारात लावून दाव. दुसऱ्या जातीचा, मिनी एलईडी, उन्हात बी लख्ख दिसला. त्योच आनला.”

“पन उजेड-काळोख खुलवनारा एचडीआर त्येंचाच चांगला म्हनत्यात.”

“दोन्हीत हाय. रात्री दिवे मालवून पिक्चर बघायचा तर त्येंच्याकडंच जावं, मी बी जाते. काळ्या केसातली काळी पिन दिसती! पन मॅच दुपारची हुती ना.”

“मग त्येंनी काय केलं?”

“दार लावलं, खिडकीवर घोंगडी टांगली. म्हनले, या आता. म्हनलं, माझी पोर खेळती अन् मी दार लावून बसू? गल्लीनं काय भाईर उभं ऱ्हायचं?”

“उघडायचं की मग दार.”

“उघडलं. तर टीव्हीच्या काचंत आमचीच तोंडं! मला लेकीचं बघायचं हुतं. उठले अन् सगळ्यांना घरी घेऊन आले.”

“अन् भावजी?”

“शेवटच्या चढाईला माझ्याच ओसरीत वरडत हुते. सगळ्यांच्या पुढं, तीच घोंगडी हातरून!”