मोहनबाईंच्या नावानं

न्यायला? मोहनबाईंना न्यायला आलात तुम्ही? — नाही नाही, बसा ना अक्का, आधी बसा, ती खुर्ची डुगडुगते, ही घ्या, पंख्याखाली. एवढ्या उन्हात धुळ्याहून एसटीनं! आखाजीला बाईला माहेरी न्यायला तिचा भाऊ येतो, भाचा येतो मुराळी म्हणून — आणि तुम्ही स्वतःच मुराळी होऊन आलात? मोहनबाई आहेत ना, वरच राहतात, खाली दुकान वर घर, पण त्या आत्ता झोपल्यात. म्हणजे झोपल्या असतील. हाक नका मारू! — सॉरी, ओरडले का मी? मला असंच होतं, कोणी एकदम काही केलं की. परवा वर कुकरची शिट्टी झाली तर माझ्या हातातली बरणी सुटली, लिंबाचं लोणचं, फरशीभर. पाणी घ्या. तुम्ही धुळ्याच्या कुंदाबाई ना? ओळखलं मी. कसं ओळखलं — सांगते.

मी चारुलता, सावद्याची. इथे पापड-लोणच्याच्या ऑनलाइन ऑर्डरी बघते. आणि ते मेल येतात ना तुम्हाला, खाली ‘तुमची मोहनबाई’ असं असतं, ते पाठवते. पाठवते म्हणजे बटण दाबते. म्हणजे मोहनबाई सांगतात आणि मी टाइप करते — असं लोकांना सांगायचं ठरलंय. अर्पितभाऊंनी ठरवलं, मोहनबाईंचा नातू, दुकान तेच बघतात. आधी नुसती सूट जायची मेलमधून, आज दहा टक्के, उद्या पंधरा टक्के, आणि उघडायचंच नाही कोणी. मग ते म्हणाले, ‘चारुलता, रोज एकच भाजी वाढली तर नवरा पण हॉटेलात जाऊन बसतो. लोकांना आलटून पालटून वाढ.’ मला म्हणाले! माझं लग्न कुठे झालंय? पण बरोबर होतं त्यांचं. मग सोमवारी रेसिपी, गुरुवारी सूट, मधेच एखादा प्रश्न — भरितात लसूण कच्चा घालता की भाजून? आठवतं? अहो, भांडणं झाली त्याच्यावर. पुण्यातली माणसं, दुबईतली माणसं, सगळी आपल्याकडचीच, चार चार ओळी शिव्या घालून उत्तरं. तुम्ही लिहिलं होतं, भाजलेला लसूण घालणाऱ्याला भरीत देऊच नये. मी इथे एकटी बसून हसले होते.

आणि महिन्यातून एकदा काहीच विकायचं नाही, नुसत्या गप्पा. ते पण अर्पितभाऊंचंच, कुठल्या तरी क्लासात शिकून आले होते. गप्पा काय लिहायच्या मी? मोहनबाईंना विचारायला वर गेले तर त्या सामायिकाला बसलेल्या, जप करत. दुसऱ्यांदा गेले तर म्हणाल्या, पापडाचं विचार, बाकी मला काय विचारते. मग मीच लिहिलं. आखाजी जवळ आली होती. लिहिलं, की आमरस होईल, सांजोऱ्या होतील, गल्लीत झोके बांधतील, पण मला न्यायला आता कोणी येत नाही. माहेरी माझ्या खोलीत खताची पोती ठेवलीत. कोणी जा म्हणत नाही, पण ये असंही कोणी म्हणत नाही.

तुम्ही बघताय ना वर, जिन्याकडे — अक्का, त्या जैन आहेत. त्यांच्या घरात आपल्या आखाजीलाच, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्यांच्या आखातीजचं वर्षीतपाचं पारणं असतं, वर्षभराचे उपास सोडतात, उसाचा रस, मांडव, पाव्हणेच पाव्हणे. भाऊ राजस्थानहून येतात दोघं, दर वर्षी, हातात हात घालून. झोका-गौराई त्यांचं नाहीच. दोन पंगती बसतात वर रोज. त्यांना कुठलं आलंय एकटेपण!

खताची पोती केळीच्या खताची आहेत. सावद्याला. दादा म्हणतो, तू तर घरचीच, तुला काय न्यायला यायचं? वाटलं की ये. लग्न झालेलीला मुराळी जातो. माझ्यासारखी, खोली भाड्यानं घेऊन राहणारी — तिला कुठून कुठे न्यायचं? — अगं बाई! काही नाही, शेजारच्यांचं शटर.

सगळ्यांना ठरलेलं उत्तर पाठवायचं असतं, ‘धन्यवाद, आपला अभिप्राय मोलाचा आहे.’ तेवढंच. तुमचं आलं — ‘आखाजीले येजो वं बहीन, कोनी नई ते मी शे ना.’ ना खाली नाव, ना काही. याला धन्यवाद कसं म्हणायचं? मी लिहिलं परत. मग तुम्ही लिहिलं मुलगा बंगळुरूला असतो, झोका बांधते तरी, बसत कोणी नाही. मग मी... तुमची एक वेगळी यादीच केली मी. इतरांना जातात ते जातात, तुम्हाला वेगळे. यादीत एकच नाव. कॉम्प्युटर दर वेळी विचारतो, एकाच व्यक्तीला पाठवायचं? मी हो म्हणते. आणि तुम्ही सकाळी चहाच्या वेळेला उघडता, मग दुपारी परत, मग संध्याकाळी — दिसतं मला इथे. नाही, घाबरू नका, सगळ्यांचंच दिसतं, फक्त मी तुमचं — बघते. एके दिवशी उघडला नव्हता तुम्ही, तर मला जेवणच गेलं नाही. ताप होता ना तुम्हाला?

असं नका बघू. मी फसवायला नव्हतं हो केलं. नाव तेवढं त्यांचं होतं, बाकी एक शब्द खोटा नाही. त्या डब्यात सांजोऱ्या आहेत? वास आला. नको, उघडू नका, त्यांच्यासाठी आणल्यात तुम्ही.

काय?

मला? — आत्ता? — नाही, मी कशी येऊ, तुम्ही न्यायला आलात ती बाई वेगळीच — हो, ते सगळं मीच लिहिलं, पण — तुमच्या गल्लीत काय सांगाल, ही कोण? — अक्का, हात सोडा. सोडा ना. माझं पोतं नाही भरलेलं — पिशवी, पिशवी म्हणायचंय मला, कपड्यांची — खोलीवर जावं लागेल, दहा मिनिटं लागतील, तुम्ही थांबाल? खरंच थां—

गाडी आली. अर्पितभाऊ. त्यांना काही म्हणजे काही माहीत नाही, तुम्हाला वेगळं लिहिते ते. आजीच्या नावानं हिनं असलं काय काय लिहिलं, पोरकी करून टाकली आजीला, असं म्हणतील — उभं नाही करायचे ते मला इथे. तो डबा खाली घ्या. अक्का, पाया पडते, काही बोलू नका.

— नमस्कार भाऊ. नाही, काही नाही, या मॅडम मोहनबाईंना भेटायचं म्हणत होत्या, मी सांगितलं त्या कोणाला भेटत नाहीत. हो ना मॅडम? उडदाचे पापड अर्धा किलो देऊ? नको? बरं. धुळ्याची बस मिळेल तुम्हाला, निघालात तर. — मेल येत राहतील, मॅडम. नको असतील तर खाली बटण असतं. दाबलं की बंद होतात.