इनफची दहा वाक्यं

—नाही म्हणजे नाहीच, तुकोजीराव. तुम्ही बसा, पाणी घ्या, पण ते इंग्रजीचं तेवढं मनातून काढून टाका. तुमची इंदू हुशार आहे, मला काय माहीत नाही? अहो, आख्ख्या रावपुऱ्याला माहीत आहे. पण मी शिकवणी सोडली. दोन वर्षं झाली. काय म्हणता — प्रकृती? प्रकृतीला काय धाड भरलीय माझ्या! खडखडीत आहे. त्याचाच तर राग येतो कधीकधी.

स्थळ कुठलं म्हणालात? मुलगा सुभे कचेरीत कारकून, आणि मुलीला इंग्रजीत चार ओळी लिहिता आल्या पाहिजेत ही त्यांची अट? असते हो, हल्ली असतेच. महाराजांनी मुलींना शाळा सक्तीची केली तेव्हा हेच लोक नाकं मुरडत होते, आणि आता सुनेला इंग्रजी हवं — कशाला? तर आल्यागेल्याला दाखवायला. आमचे व्याही तसेच. करजणचे सुभानराव. माझ्या निरुपमेला बघायला आले तेव्हा मीच छाती फुगवून सांगितलं, मुलगी इंग्रजी चौथीपर्यंत शिकलीय, तिचा अभ्यास तोडू नका — मी दर आठवड्याला एक शब्द देईन, तिनं त्याची दहा वाक्यं करून वही टपालानं पाठवायची, मी तपासून परत पाठवीन. मान्य? ते म्हणाले, मान्य. एका पायावर तयार! आणि मी हुरळून गेलो. आमचे आजोबा सरकारी पागेत घोड्यांना खरारा करायचे, तुकोजीराव, आणि त्यांच्या पणतीची वही इंग्रजीतून टपालानं जायची-यायची! माणसाला आणखी काय पाहिजे असतं?

आता ऐका. सुभानराव घरात येणारं-जाणारं प्रत्येक पत्र वाचायचे. सुनेचं आधी. मोडी, बाळबोध, गुजराती — सगळं. त्यामुळे तिच्या मराठी पत्रात काय असायचं? सर्व क्षेम, आईला नमस्कार, इकडे सगळे माया करतात. बस्स. इंग्रजी मात्र त्या घरात एकट्या जावयाला यायचं, आणि जावई मुंबईला कॉलेजात. सुभानराव वही उघडायचे, पानं उलटायचे, मान डोलवायचे आणि स्वतःच्या हातानं टपालात टाकायचे. माझ्या लक्षात यायला नको होतं का? घरातून बाहेर पडणारं, कोणी न वाचलेलं असं तिचं एकच काय होतं — ती वही. अठ्ठावीस वर्षं मास्तरकी केली मी, पण एवढं लक्षात आलं नाही.

व्हेरी झाला, टू झाला, ऑलमोस्ट झाला. मग मी दिला इनफ. सोपा शब्द आहे — पुरेसा, पुरे, एवढाच अर्थ — पण पोरं हमखास चुकतात. नामाच्या आधी येतो, विशेषणाच्या मागून. इनफ राइस, पण हॉट इनफ. इंदूला शिकवलंत तर — नाही, मी नाही शिकवणार, आपलं सांगतो. तर शुक्रवारी वही आली. पहिलं वाक्य, द मिल्क इज हॉट इनफ. दूध पुरेसं तापलंय. बरोबर. दुसरं, देअर इज नॉट इनफ लाइट इन द बॅक रूम. मागच्या खोलीत पुरेसा उजेड नाही. बरोबर. वन ब्लँकेट इज नॉट इनफ फॉर धिस फीवर. बरोबर! शब्दाची जागा बघा, कशी चोख. मग एक चुकलं — आय एम नॉट इनफ स्ट्राँग टु ड्रॉ वॉटर. पाणी ओढायला माझ्या अंगात पुरेशी ताकद नाही. इनफ आधी घातला. मी लाल शाईनं गोल केला. शाई भरलेलीच असते मास्तराची.

आणि समासात काय लिहिलं माहीत आहे? सगळी वाक्यं घरातलीच का? विषय बदल. बाग, बाजार, आगगाडी यांवर लिही. असं लिहिलं मी! माझ्या हातानं!

शेवटचं ऐका. इफ यू कम ऑन संडे, इट विल बी सून इनफ. रविवारी आलात तर वेळेवर याल. सून इनफ — अहो, मी शिकवलेलंच नव्हतं ते! कुठं वाचलं असेल पोरीनं? मी खुर्चीतून उठलो. शनिवारी वही बगलेत मारून शाळेत गेलो, आमच्या हेडमास्तर भास्कररावांना दाखवली, म्हटलं, वाचा, मॅट्रिकचा पोरगा लिहील का असं? तेही म्हणाले, वा, मास्तर, वा! पेढे मागितले त्यांनी. आणि मी आणले हो. दुलीरामाच्या दुकानातून नाही, आपल्या कोपऱ्यावरच्या — जाऊ द्या, कुठले का असेनात. आणले आणि वाटले.

रविवारी जेवणं झाल्यावर कौशल्या म्हणाली, आमच्या ह्या — मला तरी वाचून दाखवा, काय लिहिलंय पोरीनं? तिला इंग्रजीचं अक्षर येत नाही. मी मोठ्या हौसेनं एकेक वाक्य मराठीत करून सांगू लागलो. दूध तापलंय. खोलीत उजेड नाही. या तापाला एक कांबळं पुरत नाही. ती सुपारी कातरत होती. पाणी ओढण्याच्या वाक्याला तिचा अडकित्ता थांबला. रविवारी आलात तर, म्हणताच उठून उभी राहिली. म्हणाली, अहो, हे पत्र आहे. आज रविवार आहे. तुम्ही आत्ता निघा.

मी काय केलं असेल? हसलो. म्हटलं, वेडी आहेस, ही वाक्यं आहेत, अभ्यासाची असतात अशी. ती म्हणाली, मला मराठीत कळलं आणि तुम्हाला इंग्रजीत कळत नाही? मग मीही चिडलो. म्हटलं, मुलीच्या घरी असं न बोलावता जायचं? अजून तिला मूलबाळ नाही, तोवर त्यांच्या घरचं पाणी प्यायची सोय नाही, आणि एका वहीवरून सुभानरावांना जाब विचारू? लोक तोंडात शेण घालतील. ती रडली. मी पंचा घेऊन झोपलो. दुपारची झोप, तुकोजीराव. गाडीनं तासाभराचं अंतर हो! करजण म्हणजे काय काशी आहे?

सोमवारी दहापैकी नऊ देऊन वही टपालात टाकली. गुरुवारी तार आली. आम्ही दोघं पोचलो तोवर सगळं आटोपलं होतं. सुभानराव म्हणाले, विषमज्वर, वैद्यांचा काढा चालू होता, कोणाला वाटलंच नाही एवढं होईल. मोलकरीण मला ओसरीच्या कडेला घेऊन हळूच म्हणाली, काका, बेन तापात पण कूवेथी पाणी भरती हती — तापातसुद्धा विहिरीचं पाणी ओढत होती. सतरा वर्षांची होती माझी पोर. आणि मी? व्याह्यांना नमस्कार केला आणि तिचं सामान घेतलं. दोन लुगडी, फणी, आरसा. आणि वही.

नाही, कौशल्येला नाही दिसली. मी कोटाच्या आत सरकवली. तिला सांगितलं, वही टपालातच गहाळ झाली, पोरीच्या हातात पडलीच नाही, लाल शाई तिनं बघितली नाही. तिला तेवढाच आधार आहे हो. म्हणते, निदान आपला बाप येतोय असं वाटतच गेली असेल.

तुम्हाला का सांगतोय कोण जाणे. सांगायचं नव्हतं. पण आता ऐकलंत तर पुरतं ऐका. माझा नियम होता — चुकलेलं वाक्य खाली तीनदा शुद्ध करून लिहायचं. वर्गात होता, घरातही होता. त्या वहीत माझ्या नऊ मार्कांच्या खाली पेन्सिलीनं लिहिलंय. आय एम नॉट स्ट्राँग इनफ टु ड्रॉ वॉटर. बरोबर आहे. पुन्हा, आय एम नॉट स्ट्राँग इनफ टु ड्रॉ वॉटर. अक्षर वाकडं झालंय, ओळ खाली घसरलीय, पण बरोबर आहे, इनफ जागेवर आहे. तिसऱ्यांदा — आय एम नॉट. आणि पुढं कोरं.

गप्प. चपला वाजल्या खाली — कौशल्या आली मार्केटातून. डोळे पुसा तुम्ही आधी. उठा, तुकोजीराव, निघा — आणि तिनं जिन्यात विचारलं तर वहीचं काही — बरं तर, तुकोजीराव! इंदूसाठी दुसरे मास्तर बघा हं! आवजो.