भरून न पाहिलेली डिस्क

मायबहिणींनो, भाऊ लोकहो, शांतावहिनी, सगळ्याईले जयभीम.

मले बोलता येत नाई. सुधाकरभाऊच्या दुकानात मी अकरा वर्षं कॉम्प्युटर दुरुस्त केले, पण तिथं बोलाचं काम त्याईचंच. आज आर्वीच्या या विहारात त्याईचा फोटो समोर आहे अन् बोलाची पाळी माही आहे. बसलो तर पुन्हा उठणं होणार नाई, म्हणून बोलूनच घेतो.

तुमाले ठाऊक आहे, छप्पन साली नागपूरले दीक्षेले गेलेल्या म्हाताऱ्याईले भाऊनं कॅमेऱ्यापुढं बसवलं, बोलतं केलं. पहिली रेकॉर्डिंग स्वतःच्या मायची. ते सारं विहाराच्या जुन्या कॉम्प्युटरवर होतं. ते गेलं. कोणामुळं गेलं? भाऊमुळं, असं तुमी समजता. आजही बाहेर चपला काढता काढता कोणीतरी तेच बोललं.

आता ऐका. जुन्या डिस्का भरल्या, म्हणून मोठी आणली. भाऊची एक रीत होती. नवी डिस्क आली की ती फालतू फायलींनी काठोकाठ भराची, सारं परत वाचून पाहाचं, मगच कामाले लावाची. दोन-तीन दिवस जात. मी कंटाळलो. भाऊनं विचारलं, "भरून पाह्यली का बे?" मी म्हटलं, "हो." सारं नव्या डिस्कवर उतरवलं, वरून जुन्या डिस्काही पुसून टाकल्या.

त्या जुन्या सिस्टिमले एका आकड्यापुढं जागा मोजताच येत नव्हती. त्यापुढं काही लिहिलं की ते मुकाट्यानं फिरून पहिल्या जागेवर जाऊन बसे. चूक झाली असं सांगतही नव्हती. दीड वर्ष सारं नीट चाललं. मग एक दिवस नवीन रेकॉर्डिंग टाकली, अन् ती सुरुवातीच्या म्हाताऱ्याईच्या रेकॉर्डिंगवर जाऊन बसली; कोणती फाईल कुठं आहे याची यादीही तिथंच होती, ती पुसली अन् बाकीचंही गेलं. सुरुवातीले कोण होतं? भाऊची माय.

महिनाभर खटपट करून मायचे चार सेकंद निघाले. ती पदर सावरते, विचारते, "बोलू का आता?" बस. तिथंच तुटते. दुकानाचं शटर उघडलं की मले अजून तेच ऐकू येते. आत कोणी नसते.

भाऊ तवा माह्याकडं पाहत म्हणाले, भरून पाह्यली असती तर पहिल्याच दिवशी समजलं असतं. मी मान खाली घातली. त्याईले सारं समजलं होतं. मग बैठकीत तुमी जाब विचारला, तर भाऊ उठले अन् म्हणाले, "चूक माही झाली." मी बाजूलेच बसलो होतो. मी काऊन नाई उठलो? भेलो. लाज वाटली. त्यानंतर कोणी भाऊच्या कॅमेऱ्यापुढं बसलं नाई. जे तीन म्हातारे उरले होते, ते न बोलताच गेले.

वहिनी, चूक माही होती. खोटं मी बोललो. भाऊ होते तवाच सांगाचं होतं. आता सांगून काय उपयोग, मलेही समजत नाई.

आपण उभं राहू. भाऊसाठी थोडा वेळ गप्प राहू. माह्याजवळ कोणाले उभं राहाचं नसंल, तर त्यानं तिकडं सरकावं. मी वाईट मानणार नाई.

सुधाकरभाऊ, जयभीम.