बंटीची पोटफुगी

नाही, हसा तुम्ही, हसून घ्या... पन मले एक सांगा जी, मटरचा एक दाना शिजवाले किती पानी लागते? एक दाना! दोन नाही! गंजात घोटभर पानी, त्यात एक मटर, खाली ग्यास पेटलेला, अन् समोर मी, आनंदराव, रिटायर मानूस, हातात चमचा घेऊन उभा. शिजला का त्याची साल काढा. साल काढली का दाढीच्या पत्तीनं त्याचे चार तुकडे करा. त्यातला एक चिमट्यात धरा, बरनीजवळ तोंड न्या अन् म्हना, "खा बाप्पा बंटी, खा." अन् तो तोंड फिरवते! बोटभर मासोळी जी, बोटभर! आमच्या शहापुरात एवढी मासोळी जाळ्यात आली त तिले कोनी मासोळीत मोजत नाही, परत तलावात फेकून देते.

तुमाले सांगतो, मी काही असातसा मानूस नाही. तेहतीस वर्षं ढोराच्या दवाखान्यात ड्रेसर होतो. भंडारा-गोंदिया जिल्हा एकच होता तवापासून. तवा बदली कुठीबी फेकत, सालेकसा काय, देवरी काय... मंग गोंदिया वेगळं झालं, अन् मी भंडाऱ्याच्या वाट्याले आलो, त लगेच उचलून पार टोकाले, बपेऱ्याले टाकला. या हातानं, हे पाहा, या हातानं म्हशीच्या पोटात अडलेलं पिल्लू खांद्यापर्यंत हात घालून बाहेर काढलं हाय. मोडलेल्या शिंगाले पट्ट्या बांधल्या. मारक्या गोऱ्ह्याची लाथ खाल्ली, इथं, या बरगडीवर, अजूनबी थंडीत दुखते. अन् आता हेच हात चिमट्यानं मटर धरून राहिले.

हा बंटी आमच्या रुचिताचा. रुचिता म्हनजे आमची एकुलती एक पोरगी, दीड वर्षापासून पुन्याले कंपनीत हाय. दसऱ्याले दीक्षाभूमीवर आली, तिथून घरी आली, त पाठीवर बॅग अन् हातात पान्याची बाटली. बाटलीत हा बसला हाय, निळा, शेपटी हे एवढी पसरलेली. फायटर म्हनते म्हने त्याले. एकटाच राह्यते, दुसरा बरनीत टाकला का मारामारी करते. "बाबा, नवीन पीजीवाल्या काकूंना प्राणी चालत नाहीत. थोडे दिवस ठेवा ना! तुम्ही तर जनावरांचे डॉक्टरच आहात." आता मी कुठला डॉक्टर? डॉक्टरच्या मांगं बादली घेऊन चालनारा मानूस मी! पन पोरीच्या तोंडून डॉक्टर आयकलं, अन् छाती फुगली माही. म्हनलं, ठेव. तिथंच फसलो.

जाता जाता तिनं तीन तीनदा सांगितलं, दिवसाले त्याच्या डबीतल्या खान्याचे तीन दाने, जास्त नाही. पन या मासोळीची आदत अशी का कोनी बरनीजवळ गेलं रे गेलं, का काचेले नाक लावून तोंड उघडझाक करते. अन् आमची ललिता, म्हनजे रुचिताची माय, तिचं मायेर एकोडी. धानाचं गाव. तिथं पाहुना नाही नाही म्हनते अन् हे लोकं भात वाढतच जाते. "अजी, उपाशी हाय जी तो! पाहा ना, कसा मांगून राहिला!" म्हनलं, तीन दाने सांगितले हाय. "तीन दान्यात कोनाचं पोट भरते? तुमचं भरन?" मंग काय, सकाळी भाताची शितं, दुपारी मुरमुरे, संध्याकाळी पोह्याचा चुरा. अन् तो खाते! लाज नाही, शरम नाही, खातच जाते! अन् एक दिवस सकाळी पाहतो त काय... गडी आडवा. पोट टम्म, अन् एका कुशीवर तरंगून राहिला.

मी पाहताबरोबर ओळखलं. पोटफुगी! बैलाले होते, ओला चारा जास्त खाल्ला का. डाव्या कुशीवर थाप मारायची, ढोल वाजल्यासारखा आवाज आला का नळ्यानं तेल पाजायचं, अंगनात फिरवायचं, दोन घंट्यात बैल मोकळा. पन याले थाप कुठी मारू? तेल कोनत्या नळ्यानं पाजू? अन् फिरवू कुठी जी, बरनीतल्या बरनीत? शेवटी लाज सोडून दवाखान्यातल्या आमच्या जुन्या डॉक्टर सायबाले फोन लावला. "साहेब, पेशंट हाय. पोट फुगलं हाय." साहेब एकदम खुश, "बोला आनंदराव! गाय का म्हैस?" म्हनलं, साहेब... मासोळी. मंग साहेब एकदम हळू आवाजात म्हनते, "आनंदराव, घरी कोनी हाय का तुमच्याजवळ? वहिनीले द्या बरं फोन."

अन् ललिताचं वेगळंच. "रुचिताले सांगू नका जी, माह्यामुळं झालं, मी मारलं त्याले." रडून राहिली! बोटभर मासोळी, अन् बाई पदर तोंडाले लावून रडून राहिली! म्हनलं, नाही सांगत. तसंबी कधी सांगतो तिले? पोरीचा फोन रविवारी यायचा, दोन मिनटाचा. "जेवलात का? बीपीची गोळी घेतली का? आई बरी आहे ना? चला, ठेवते, कामं आहेत." एवढंच. आपन तोंड उघडेपर्यंत फोन बंद. मी काही बोलत नव्हतो, कमावती पोरगी हाय, तिले कामं राह्यते. पन ललिता फोन बंद झाल्यावरबी थोडा वेळ कानालेच लावून बसे.

पन त्या रविवारी तिनं म्हनलं, "आई, बंटी दाखव ना." झालं! ललितानं फोन असा धरला का नुसती बरनीची झाकनी दिसन. "आई, खाली... अजून खाली... आई! तो आडवा का पडलाय?" अन् तिकडून जे किंचाळली पोरगी! फोन माह्या हातात, अन् मी उभा गुन्हेगारासारखा. बाबा पाणी कसं आहे, बाबा पोट कुठून सुजलंय, बाबा जवळून दाखवा, बाबा हात हलवू नका! मंग तिनं नेटवर पाहून, कोनाकोनाले विचारून इलाज सांगितला. तीन दिवस उपास. मॅगसल्फच्या पान्यात आंघोळ. पानी कोमट. अन् मंग उकडलेल्या मटरचा चतकोर.

मॅगसल्फ, म्हनजे जुलाबाचं मीठ, मले माहीत हाय जी! म्हशीले अर्धा अर्धा किलो पाजलं हाय! इथं म्हने चार लिटर पान्याले एक चमचा. बरं. कोमट म्हनजे किती, त सत्तावीस डिग्री. मी म्हनलं, फिकर नको, माह्याजवळ ढोराचा थर्मामीटर हाय. धुतला, पुसला, घातला पान्यात. पारा हालतच नाही! गरम पानी टाकलं, हालत नाही. अजून टाकाले गेलो, तवा डोक्यात उजेड पडला... अरे, हा सुरूच पस्तीसपासून होते! म्हनजे पारा हालला का समजा रस्सा तयार! मंग ललितानंच पदर खोचला अन् कोपर बुडवून पाह्यलं, लहान्या लेकराच्या आंघोळीचं पाहते तसं. थर्मामीटर मी गुपचूप डब्यात ठेवला.

अन् तो उपास! उपास बंटीचा, पन हाल माहे. "तो उपाशी, अन् त्याच्यासमोर मी कशी जेवू?" असं म्हनून ललितानं जेवनाची ताटं मांगच्या खोलीत नेली. चहाबी तिथंच. घरात मासोळी शिजवनं बंद! भंडारा जिल्ह्यात राहून, अंगनातून तलाव दिसते अशा घरात, तवापासून मासोळी बंद! शेजारचा राजकुमार रोज पाहाले ये. वाकून वाकून पाहे. "भाऊ, झिंगे कसे वांग्यात टाकतो आपन, तसा हा एकटा..." पुढचं बोलूच दिलं नाही ललितानं, लाटनं घेऊन आली. बोटभर मासोळी जी, अन् तिच्यापायी तीस वर्षाचा शेजार तुटता तुटता राह्यला.

पन आता खरी गोष्ट सांगतो. हसू नका. त्या रविवारपासून रुचिताचा फोन रोज. रोज म्हनजे दिवसातून तीनदा! सकाळी हापिसात जायच्या आंधी, दुपारी जेवताना, संध्याकाळी रूमवर आल्यावर. पहिले पाच मिनटं बंटी, अन् मंग... मंग बाकी सगळं. "आई, मागे काय शिजतंय? लाखोळीची डाळ? मला पण हवी." "बाबा, दाढी का नाही केली?" "आई, पाय पुढे कर. हा सुजलाय! कधीपासून? मला सांगितलं का नाही?" आता हा पाय दिवाळीपासून सुजला होता, पन दोन मिनटात कोन पाय दाखवते? एक दिवस तिची मॅनेजरबाई तिले बोलली, त फोन हातात धरून रडली पोरगी. बंटीसमोरच रडली. मी नुसता बसून राह्यलो फोन धरून. दीड वर्षात पहिल्यांदा मले समजलं का आपली पोरगी तिकडं कशी राह्यते. सांगू का... बरं वाटे जी. हात दुखून येत, पन बरं वाटे.

चौथ्या दिवशी त्यानं मटर खाल्ला. पाचव्या दिवशी सकाळी ललिताची आरोळी, "अजी, धावा! धावा जी!" मले वाटलं, गेला. पायात चप्पल नाही, तसाच धावलो. पाहतो त बंटी उभा, पोट उतरलेलं, अन् बरनीच्या बुडाले त्याची घान पडलेली. तेहतीस वर्षं शेन पाह्यलं मी, पातळ पाह्यलं, घट्ट पाह्यलं, पन शेन पाहून टाळ्या वाजवनारी बाई पहिल्यांदा पाह्यली. मीबी वाजवल्या, खोटं कायले बोलू? लगेच फोन लावला. "वा! बंटी बरा झाला! थँक यू बाबा, तुम्ही ग्रेट आहात! चला, मीटिंग आहे, ठेवते."

ठेवला.

दुपारी फोन नाही. संध्याकाळी नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ललितानं फोन पुसून बरनीजवळ ठेवला, तोंड वर करून. नाही आला. म्हनलं, काम असन. तिसऱ्या दिवशी मी फोनच्या दुकानात गेलो, म्हनलं पाह्य गा, याची घंटी बिघडली का? तो म्हनते, काका, घंटी ठीक हाय. रविवारी आला. "जेवलात का? गोळी घेतली का? बंटी मस्त ना? चला, ठेवते." दोन मिनटं! पायाचं विचारलं नाही जी तिनं. बंटी बरा झाला, म्हनजे तिच्या हिशेबानं आम्हीबी सगळे बरे झालो.

सोमवार असाच गेला. मंगळवारी ललितानं स्वताच फोन लावला. मी पेपर वाचून राह्यलो होतो. आयकतो त काय, "बाई, तो बंटी... आज जरा सुस्त वाटून राहिला व." मी बरनीकडं पाह्यलं. बंटी काचेतल्या आपल्याच पडछायेशी मारामारी करून राहिला होता, शेपटी फुलवून, एकदम पयलवान! तिकडून आवाज, "काय? व्हिडीओ लाव! दाखव लवकर!" अन् ललितानं काय करावं? "हे घे, बाबाले इचार, तेच पाहून राहिले," म्हनून फोन माह्या हातात! अन् वरून माह्याकडं अशी पाह्यली... चाळीस वर्षाच्या संसारात इतकी विनंती तिनं कधी केली नाही.

सरकारी नोकरीत एक खोटी नोंद नाही केली मी! मेलेल्या बकरीले जिती नाही म्हनलं, जितीले मेलेली नाही म्हनलं! अन् त्या दिवशी मी खांद्यावरचा टॉवेल काढला, बरनीवर टाकला, अन् म्हनलं, "बाई, अंधारात ठेवला हाय. आराम पायजे त्याले." "पण बाबा, परवा तर छान होता!" "वरून छान दिसते बाई. आतून कमजोर हाय." अन् ते म्हनता म्हनता माही नजर ललिताच्या सुजलेल्या पायावर गेली जी. मंग म्हनते, "बाबा, मी रात्री करते परत. आणि उद्या सकाळी पण. आईला द्या जरा... आई, पाय कसा आहे?"

आता रोज हेच. फोन यायच्या आंधी मटर शिजवायचा, कारन ती विचारते, अन् गंज दाखव म्हनते. त्याच्या आंघोळीच्या टबातलं पानी कोपरानं पाह्यचं. ताटं मांगच्या खोलीत, कारन ती म्हनते, त्याच्यासमोर जेवू नका. बिमार मासोळी सांभाळनं सोपं होतं जी, बऱ्या मासोळीची बिमारी सांभाळनं लय कठीन. कंबर दुखते, झोप नाही, अन् तो दिवसेंदिवस तब्येतीनं चढूनच राहिला! बोटभर मासोळी, पन मानसाची अडचन तिले समजत नाही. आज सकाळी त्याच्यासमोर खुर्ची घेऊन बसलो, चांगलं समजावून सांगितलं, "बंटी, मरू नको गा. पन फोन वाजला का घडीभर आडवा पडत जा. तुह्यं काय जाते?" नाही आयकत. उलट फोनमधून तिचा आवाज आला, का तोबी आमच्यासारखाच नाचाले लागते... मंग काय, टाका टॉवेल.