हरेश्वराचा अळणी नवस

मंडळी, बसा निवांत. मागे उभे आहेत त्यांनी पुढे या, जागा भरपूर आहे. पुढे बसलं की डुलकी लागलेली मला दिसते, एवढीच काय ती अडचण!

आज एक प्रश्न घेऊन उभा आहे. सोपा आहे. माणसानं देवासाठी काहीतरी सोडलं, तर ते देवाला पोचतं का? म्हणा की मोठ्यानं! पोचतं? बरं. आता दुसरा प्रश्न — देवानं ते मागितलंच नसेल तर?

आता आवाज बसला सगळ्यांचा! राहू द्या. उत्तर मी देत नाही. उत्तर चांगुणाबाई देणार आहे.

ऐका. खाडीकाठी खारवाडी नावाचं एक गाव. गावाला लागून मिठागर. खाडीचं पाणी आत घ्यायचं, उन्हात आटू द्यायचं, खाली उरेल ते मीठ ओढून काढायचं. या गावाची देवी खारजाई. तिचं देऊळ मिठागराच्या पलीकडच्या टोकाला. चैत्रात पालखी निघते ती मिठागराच्या बांधावरून, भर उन्हात. बांध किती रुंद? दोन माणसं शेजारी शेजारी चालतील एवढाच. पालखीच्या पुढच्या दांडीला खांदा घरत घराण्याचा. तीन पिढ्यांचा मान. आणि गावचा नियम असा की, पालखी देवळात पोचेपर्यंत पुढच्या दांडीला घरतांचा खांदा हवाच. तो सुटला की मान दुसऱ्या घराला. कायमचा!

आता या घरात हरेश्वर. वय बेचाळीस. दोन टेम्पो, एक बायको — सुलभा तिचं नाव — आणि एक पोट. पोटाचं वेगळं नाव घ्यायला हवं, कारण घरात ते सगळ्यांच्या आधी शिरायचं! गुडघे कुरकुरायला लागले. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरीणबाई, राऊतबाई, त्यांनी रक्त तपासलं, बीपी पाहिलं, किडनी पाहिली. म्हणाल्या, "सगळं ठीक आहे, पण वजन उतरवा. नाहीतर गुडघे साथ सोडतील."

हरेश्वरानं मनावर घेतलं. मोबाइलवर पाहून कीटो सुरू केला. कीटो म्हणजे काय, ठाऊक आहे? भात नाही, भाकरी नाही, साखर नाही, केळं नाही. मग खायचं काय? अंडी, मासे, पनीर, लोणी! मी त्याला म्हटलं, अरे, हे पथ्य आहे की पाहुणचार?

पण हसू नका. त्यानं मनापासून केलं. ज्या गावात भाताशिवाय जेवण झालं असं कुणी म्हणत नाही, त्या गावात हा माणूस हळदीच्या मांडवात बसून नुसता मासा खाऊन उठायचा. सोपं आहे का? वजन उतरलं. लोक म्हणायला लागले, "हरेश्वर, कमाल आहे तुझी!" आणि मंडळी, इथंच घोटाळा झाला. भात सोडून पोट कमी झालं, आणि कौतुक खाऊन दुसरंच काहीतरी फुगलं.

पालखीला एकवीस दिवस उरले. केस कापायच्या दुकानात चार माणसं बसली होती. एक जण म्हणाला, "भात सोडलास, साखर सोडलीस, आता राहिलं काय?" झालं! हा तिथंच उठून म्हणाला, "देवीची पालखी खांद्यावर येईपर्यंत आणि देवळात पोचेपर्यंत मीठही सोडलं. एकवीस दिवस अळणी!"

चार जणांनी वाहवा केली. त्यातल्या एकानंही अळणी जेवून पाहिलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

अळणी उपास काही नवा नाही. आपल्या घरात बायका करतात, एक दिवस, एक वेळ. पण यानं काय केलं? कीटो आणि अळणी, दोन्ही एकदम. एकवीस दिवस. चैत्राच्या उन्हात टेम्पोत माल चढवत!

पाचव्या दिवशी डोकं धरलं. सुलभा म्हणाली, "अहो, काहीतरी चुकतंय." हा म्हणाला, "शरीर शुद्ध होतंय." आठव्या दिवशी पोटऱ्यांत गोळे यायला लागले. "चरबी सुटतेय." बाराव्या दिवशी उठून उभा राहिला की डोळ्यांपुढे अंधारी. "देवी परीक्षा बघतेय!" जे दुखेल ते पुण्य! असा हिशेब एकदा मांडला की माणसाला कोण समजावणार?

सुलभानं शहाणपणा केला. दुकानातून नारिंगी रंगाच्या पेयाची बाटली आणली, खेळाडू पितात तसली. यानं बाटली फिरवून मागचं बारीक वाचलं. "यात साखर आहे." ठेवली बाजूला. मग ती औषधाच्या दुकानातून बिनसाखरेची पुडी घेऊन आली, पाण्यात घालायची. ती उलटून वाचली. "यात सोडियम आहे. म्हणजे मीठच की. नवस आहे माझा." तीही बाजूला! साखर नको कीटोसाठी, मीठ नको नवसासाठी. नुसतं पाणी प्यायचा, तांब्यावर तांब्या. आणि जितकं पाणी पोटात, तितका अशक्तपणा जास्त.

आता आपली चांगुणाबाई. हरेश्वराची आई, वय अडुसष्ट. चाळीस वर्षं मिठागरात डोक्यावरून मिठाच्या टोपल्या वाहिल्या. शाळा पाहिली नाही, पण घाम पाहिलाय! मिठागरातल्या बाया दुपारी पेज प्यायच्या आणि त्यात मिठाचा खडा जरा जास्तच टाकायच्या, हे तिनं आयुष्यभर केलेलं. पोराच्या पोटऱ्या रोज तेल लावून चोळताना, याच्या अंगात मीठ कमी पडतंय, हे तिच्या लक्षात येत होतं. पालखीच्या दोन दिवस आधी ती एकटी चालत आरोग्य केंद्रात गेली.

"बाई, पोरगा येत नाय, म्हणून मी आलीय," म्हणाली, आणि सगळं सांगितलं.

राऊतबाईंनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, "आजी, भात-भाकरी खातो तोवर अंग पाणी धरून ठेवतं. ते बंद केलं की सुरुवातीला अंगातलं पाणी भराभर जातं, आणि पाण्याबरोबर मीठ जातं. अशा वेळी त्याला मीठ थोडं जास्तच लागणार. आणि यानं ते सोडलं! वर नुसतं पाणी पितोय, म्हणजे उरलंय तेही पातळ होतंय. त्याला आज घेऊन या. आणि अंधारी येत असेल तर पालखीला हात लावू देऊ नका. बांधावर पडला तर बाकीचे तिघेही पडतील."

आता मध्ये एक सांगून ठेवतो, नाहीतर उद्या सगळे मिठाचं पाणी प्यायला लागाल! मला बीपी आहे. मला डॉक्टरांनी मीठ कमी सांगितलंय. हरेश्वराचं औषध मी घेतलं असतं तर आज तुम्ही नारळ दुसऱ्या बुवांच्या हातात दिला असता. ज्याचं अंग त्याचं माप, आणि ते माप डॉक्टरांना विचारायचं. दुकानात बसलेल्या चौघांना नाही.

चांगुणाबाई घरी आली, पोराला सांगितलं. हरेश्वर म्हणाला, "आये, डॉक्टरला नवसातलं काय कळतं? दोन दिवस राहिले. मी मागे हटलो तर घरतांचा मान जाईल." ती गप्प बसली. मंडळी, आई गप्प बसते तेव्हा ती हरलेली नसते. ती वेळ बघत असते!

पालखीचा दिवस. दुपारचे तीन. ढोल, गुलाल, ऊन असं की बांधावरची माती पायाला चटका देतेय. पुढच्या दांडीला एका बाजूला विनायक भोईर, दुसऱ्या बाजूला हरेश्वर. ओठ पांढरे पडलेले, पण चेहऱ्यावर — बघा मी कसा आहे! निम्मा बांध झाला. तिथं एक दगडी ओटा आहे, पालखीचा विसावा. पालखी ओट्यावर टेकली. हरेश्वर खाली बसला, आणि त्याला उठताच येईना. दोन्ही पोटऱ्या आवळल्या. डोळे फिरायला लागले. ढोल थांबला.

या विसाव्यावर एक रीत आहे. हंगामातलं पहिलं मीठ प्रत्येक घरानं करवंटीत भरून ठेवलेलं असतं, ते इथं देवीपुढे ठेवायचं. गावातल्या सगळ्या बाया करवंट्या घेऊन उभ्या. चांगुणाबाई पुढे झाली. तिनं करवंटी पालखीपुढे ठेवली, हात जोडले, आणि त्याच करवंटीतलं चिमूटभर मीठ उचलून तांब्यातल्या पाण्यात टाकलं. लिंबू तिनं घरूनच कापून आणलं होतं. पिळलं. तांब्या पोराच्या तोंडाशी धरला.

हरेश्वरानं तोंड फिरवलं. "आये, नवस मोडेल."

चांगुणाबाई म्हणाली, "हरी, समोर बघ. गाव देवीला काय देतंय?"

तो बघतो, तर करवंट्यांची रांग. सगळ्यांत मीठ.

"जिला आपण मीठ वाढतो, तिच्यासाठी तू मीठ सोडलंस? तिनं मागितलं व्हतं? कवा मागितलं? तू त्या दुकानात सांगितलंस, रं. देवळात येऊन तिला विचारलंस का?"

मंडळी, हे ऐका नीट. सगळं गाव ऐकत होतं. हरेश्वराच्या डोळ्यांत पाणी आलं. तो हळूच म्हणाला, "पण खांदा, आये? मान जाईल आपला."

"तू पी आधी."

तो प्यायला. घोट घोट करून प्यायला. आता तुम्हाला वाटेल, बुवा सांगणार, पाणी पोटात गेलं आणि गडी ताडकन उठला! नाही. मी चमत्कार विकायला आलो नाही. तो उठला नाही. त्याला छत्रीच्या सावलीत आडवं केलं, राऊतबाईंना फोन गेला, आरोग्य केंद्रात सलाइन लागलं आणि तिसऱ्या दिवशी घरी आला.

पण पालखीचं काय? विनायक भोईर दांडीपाशी उभा. गावकरी एकमेकांकडे बघतायत. नियम म्हणजे नियम, घरतांचा खांदा हवा. आणि तेवढ्यात अडुसष्ट वर्षांच्या त्या बाईनं पदर खोचला, डोक्यावर टोपलीखाली घ्यायची ती कापडाची चुंबळ काढली, खांद्यावर ठेवली, आणि पुढच्या दांडीखाली जाऊन उभी राहिली.

पुजारी म्हणाला, "चांगुणाबाई, बायका खांदा देत नाहीत."

ती म्हणाली, "खांदा घरतांचा पायजे ना? मी कोणाची हाय? चाळीस वरसं या बांधावरनं मीठ व्हायलं, ते या देवीच्याच खाडीचं. तवा कोणी नाय बोललं, बायका व्हात नाय म्हणून. उचल, विनायका."

विनायकानं उचलली! ढोल वाजला आणि पालखी निघाली. उरलेला निम्मा बांध ती बाई एकदाही न टेकता चालली. देवळात पालखी टेकली तेव्हा तिनं चुंबळ देवीच्या पायाशी ठेवली आणि म्हणाली, "पोराचं चुकलं. आता त्याला भूक लागूदे, गर्व नको."

हरेश्वर आज कुठे आहे? गावातच आहे, बारीक झालाय. डॉक्टरीणबाईंच्या सांगण्यानं चालतो. भात नाही खात, पण दुपारी लिंबू-मिठाचं पाणी आणि रात्री माशाचा रस्सा, मीठ घातलेला. आणि पुढच्या दांडीला आता घरतांचे दोन खांदे असतात, आईचा आणि पोराचा, आलटून पालटून. गावानं नियम बदलला नाही, फक्त नीट वाचला.

आता तुमच्याकडे येतो. कुठे निघालात? बसा! तुम्ही काय सोडलंय? कुणी जेवण सोडलंय, कुणी झोप सोडलीय, कुणी भावाशी बोलणं सोडलंय आणि त्याला तत्त्व म्हणतोय. घरी जाऊन स्वतःला विचारा, हे मागितलं कुणी? देवानं, की त्या दुकानातल्या चौघांनी? आणि विचारून झालं की घरात एकदा नजर फिरवा. तुम्ही असं काही सोडता तेव्हा तुमचा भार कुणाच्या तरी खांद्यावर जात असतो. त्या माणसाच्या खांद्याखाली निदान एक चुंबळ तरी ठेवा.

हात जोडा, खारजाईचं नाव घ्या, आणि मग प्रसादाला चला. आमटीत मीठ बरोबर आहे, मी विचारून आलोय.